चंद्र कोठून आला

ह्यूस्टन

तीर्थस्वरूप आप्पा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पॅसिफिक महासागराच्या जागेवरून उडालेला पृथ्वीचा तुकडा म्हणजे चंद्र, हे तुम्ही आम्हांला सांगत असा, आणि आता दादाच्या मुक्ताने ते खरे का, असे विचारले आहे. ही कल्पना निराधार नव्हती. भरती-ओहोटीमुळे चंद्र दूर सरकत आहे, म्हणजे पूर्वी तो फार जवळ असला पाहिजे, असे चार्ल्स डार्विन यांचे खगोलशास्त्रज्ञ पुत्र जॉर्ज डार्विन यांनी गणिताने दाखवले व वेगाने फिरणाऱ्या तप्त पृथ्वीपासूनच तो सुटला असावा असा तर्क केला. पुढे १८८२ मध्ये भूशास्त्रज्ञ ऑसमंड फिशर यांनी पॅसिफिकला त्याचा व्रण ठरवले. सरकणे खरे निघाले : अपोलोच्या अंतराळवीरांनी ठेवलेल्या परावर्तकांवर लेझर सोडून मोजले असता चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर लांब जातो. व्रण मात्र टिकला नाही, कारण पॅसिफिकचा तळ जेमतेम २० कोटी वर्षांचा आणि चंद्र सुमारे साडेचार अब्ज वर्षांचा.

येथील अवकाश केंद्रात अपोलो १७ ने आणलेल्या दगडाच्या एका कापलेल्या तुकड्याला कोणालाही हात लावता येतो. हजारो बोटांनी तो गुळगुळीत झाला आहे. साक्रीकडे विहिरीला सुरुंग लावल्यावर निघतो त्या काळ्या फत्तराच्याच जातीचा हा दगड; आपला साडेसहा कोटी वर्षांचा, हा पावणेचार अब्ज वर्षांच्या घरातला.

अशा दगडांच्या अभ्यासानंतर, १९७५ मध्ये, हार्टमन आणि डेव्हिस या शास्त्रज्ञांनी मांडले की एक मोठा गोळा कोवळ्या पृथ्वीवर आदळला आणि उडालेल्या द्रव्यातून चंद्र जमला. पुढे तो गोळा मंगळाएवढा धरला गेला. चंद्रात लोखंड इतके कमी का, हे यातून नीट उलगडते, कारण उडाले ते मुख्यतः वरचे खडकाळ द्रव्य, लोखंड खाली गाभ्यात राहिले. २०२३ मध्ये आपल्या चांद्रयान-३ च्या प्रज्ञान या गाडीने चंद्राच्या दक्षिणेकडच्या मातीत जे खनिज-मिश्रण पाहिले, तेही चंद्र एके काळी वितळलेल्या खडकाने झाकला होता, याच्याशी जुळते. अडचण एकच, पण मोठी : जुन्या गणिताप्रमाणे चंद्राचे बहुतेक द्रव्य त्या परक्या गोळ्याचे असायला हवे, आणि प्रत्यक्षात ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे, म्हणजे त्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंचे, प्रमाण पृथ्वीशी जवळजवळ तंतोतंत जुळते. म्हणून कोणी टक्कर याहून प्रचंड होती व दोन्ही द्रव्ये वाफ होऊन मिसळली असे म्हणतात, तर कोणी अनेक लहान टकरी मानतात. मला पहिला पक्ष अधिक पटतो.

तेव्हा मुक्ताला सांगा की आजोबांचा पॅसिफिक चुकला, पण चंद्रात आपल्या पृथ्वीचे द्रव्य आहे, हे त्यांचे म्हणणे दगडांनीच उचलून धरले आहे.

आईस नमस्कार.

आपला,
धाकटा