नुसतं प्रोटीन खा सांगून भागत नाही

संपादक साहेब, नमस्कार,

आरोग्याच्या पानावर ताकद कमी वाटतेय तर प्रोटीन खा, व्यायाम करा हे नेहमी येतं, पण स्नायूच्या आतलंच एखादं प्रोटीन बिघडलं असेल तर काय, यावर कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. अल्फा-बी क्रिस्टलिन नावाचं प्रोटीन डोळ्याच्या भिंगात, हृदयात आणि हातापायांच्या स्नायूत भरपूर असतं. स्नायूवर ताण आला, उष्णता वाढली, ऑक्सिजन कमी पडला की बाकीच्या प्रोटीनची घडी विस्कटायला लागते, तेव्हा हे त्यांना धरून ठेवतं, गोळे होऊ देत नाही, विशेषतः डेस्मिनचे, जे स्नायूचे तंतू ओळीत बांधून ठेवतं.

१९९८ मध्ये एका फ्रेंच कुटुंबात सापडलं की अल्फा-बी क्रिस्टलिनच्या १७५ अमिनो आम्लांपैकी (म्हणजे प्रोटीनच्या माळेतल्या मण्यांपैकी) फक्त १२० वं बदललंय, आर्जिनीनच्या जागी ग्लायसीन, आणि तेवढ्यावरून स्नायूंची कमजोरी, हृदयविकार, मोतीबिंदू, तिन्ही एकाच घरात! राखणदाराचेच गोळे होतात आणि ते डेस्मिनलाही ओढून घेतात. आईवडिलांपैकी एकाकडून बिघडलेला जीन आला तरी पुरतं, म्हणजे प्रत्येक मुलाला ५० टक्के शक्यता.

मला वाईट वाटतं ते याचं की डोळ्यांचे डॉक्टर वेगळे, हार्टचे वेगळे, पायांसाठी तिसरेच, तिन्ही फाइली कुणी शेजारी ठेवून बघतच नाही. त्यात अशा आजारात रक्तातलं सीके (स्नायूला इजा झाली की वाढणारं एन्झाइम) बऱ्याचदा नॉर्मल नाहीतर थोडंसंच वाढलेलं येतं, मग पेशंटला वीकनेस आहे सांगून घरी पाठवतात, खरं तर बायोप्सीत, म्हणजे स्नायूचा छोटा तुकडा काढून तपासला तर, ते गोळे मायक्रोस्कोपखाली दिसतात.

आणि कमजोरी वाटली की लोक घेतात त्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या, शरीरात संरक्षक द्रव्य कमी पडतंय असं धरून. हाच बिघाड असलेल्या उंदरांच्या हृदयात २००७ मध्ये उलटंच दिसलं, ग्लुटाथायोनसारख्या संरक्षक द्रव्याचाच अतिरेक झालेला. माणसातही तसंच होईल असं मी म्हणत नाहीये, पण मनाने गोळ्या सुरू करण्याआधी निदान तरी व्हायला हवं ना.

तेव्हा न्यूरोलॉजिस्ट आणि कार्डिओलॉजिस्ट दोघांकडून मिळून एक लेख लिहून घ्या प्लीज. कमी वयात मोतीबिंदू, जिना चढताना पाय न उचलणं आणि हृदयाचा त्रास एकाच घरात दिसत असेल तर डॉक्टरांना तिन्ही गोष्टी एकदम सांगा, ईसीजी, इको, जीन टेस्टबद्दल विचारा, भावंडांचीही तपासणी करा, हे त्यात स्पष्ट येऊ द्या. आजार मुळापासून बरं करणारं औषध नाहीये, पण ठोक्यांमधली गडबड वेळेत कळली तर गरजेप्रमाणे पेसमेकर बसवता येतो.

एक नियमित वाचक