बाबांना आधी रंगांबद्दल विचार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

जलरंगात चित्रं काढणाऱ्या तुझ्या बाबांशी होणारं बोलणं रेकॉर्ड करून ठेवायचं तू मनावर घेतलंस, हे वाचून फार आनंद झाला. पण सोबत पाठवलेली प्रश्नांची यादी बाजूला ठेव. जन्म, शाळा, नोकरी, लग्न, ‘मागे वळून बघताना काय वाटतं?’ असं विचारलं की घरचा माणूससुद्धा मुलाखतीला बसल्यासारखा सावरून बोलतो आणि सगळ्यांनी शंभरदा ऐकलेलंच पुन्हा सांगतो. बाबांना तू आधी रंगांबद्दल विचार. आयुष्याच्या गोष्टी त्यातून निघतील.

माझ्या आत्याचंच बघ. तिने जन्मभर भरतकाम केलं. ‘तुझ्याबद्दल सांग’ म्हटलं की ‘माझं काय मेलं सांगण्यासारखं?’ म्हणून विषय संपवायची. मग एकदा ती भरत बसलेली असतानाच तिला विचारून फोन शेजारी ठेवला आणि म्हटलं, हा टाका मागून कसा दिसतो? तिने कापड उलटं केलं. दोऱ्याचं टोक गाठ न मारता आधीच्या टाक्यांखालून ओढून कसं दडवायचं, ते बोट फिरवून दाखवलं. म्हणाली, “गाठ दिसली की आई उसवायला लावायची. ती आधी मागची बाजू बघायची, मग पुढची.” तिथून आजी आली. आजीची नजर अधू झाल्यावर आत्या शाळेला निघण्याआधी दिवसभर पुरतील इतक्या सुया ओवून ठेवायची, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. आजही सुई ओवताना आत्याचं बोलणं थांबतं. रेकॉर्डिंगमध्ये ते थांबणं आहे, कात्रीचा आवाज आहे आणि मग अर्धवट राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू होतं. ऐकणाऱ्यांनी मला तो भाग कापायला सांगितलं. मी कापणार नाही. आत्या कशी आहे ते त्या थांबण्यातच कळतं.

हाताला जे ठाऊक असतं ते नुसतं विचारून सांगता येत नाही, हात चालू लागले की आठवतं. १९३८ साली लोकसंगीत गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सने जॅझ पियानोवादक जेली रोल मॉर्टनला वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये बोलतं केलं, ते पियानोपुढे बसवूनच. न्यू ऑर्लिन्समधलं तरुणपण, तिथले वादक, त्यांची वाजवण्याची ढब, सगळं तो सांगत गेला आणि वाजवून दाखवत गेला. आठ तासांहून जास्त रेकॉर्डिंग झालं. १९४१ मध्ये मॉर्टन वारला. पियानो नसता तर यातलं कितीसं हाती लागलं असतं?

म्हणून बाबांपुढे कागद, पाणी, ब्रश असू दे. जलरंगात उजेड म्हणजे बहुतेकदा कोरा सोडलेला कागदच, तेव्हा तिथूनच सुरुवात कर. कुठली जागा कोरी ठेवायची हे ब्रश टेकवण्याआधी ठरतं की रंग पसरताना? कुठल्या चित्रात वेळेवर थांबता आलं नाही? पहिला चांगला ब्रश कुणी दिला? कुणाचं काम बघून हेवा वाटला? मधली काही वर्षं त्यांनी ब्रश हातात धरला नव्हता असं तू म्हणाला होतास. तेही विचार, पण पहिल्या बैठकीत नको. उतारवयात माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सगळ्यात दाट येतात, त्यामुळे बाबा पुन्हा पुन्हा तिकडेच वळले तर त्यांना ओढून आणू नकोस. आणि उत्तर संपलंसं वाटलं तरी लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस, थांब. खरं ते बरेचदा त्यानंतर येतं.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर आणि बाबांपासून वीत-दीड वीत अंतरावर. पडदे, पुस्तकं असलेल्या खोलीत आवाज घुमत नाही. तू ‘हो, हो’ म्हणू नकोस, नुसती मान हलव. सुरुवातीला तारीख आणि दोघांची नावं बोलून घे. जमलं तर वेव्ह फाइल ठेव, म्हणजे आवाज न दाबता जसाच्या तसा राहतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो या सेटिंगवर तासाला जेमतेम अर्धा जीबी लागतो. तीन प्रती कर, त्यातली एक दुसऱ्या घरी.

परवानगी मात्र गृहीत धरू नकोस. बाबा आहेत, आपलेच आहेत, म्हणून चोरून रेकॉर्ड करणं मला अजिबात पटत नाही. सुरू करण्याआधी विचार आणि झाल्यावर पुन्हा विचार, कारण माणूस बोलण्याच्या भरात जे बोलून जातो ते दुसऱ्या दिवशी त्याला नकोसं वाटू शकतं. आत्याने एक प्रसंग पुसायला लावला. मी तिच्यासमोर पुसला. पुढच्या वेळी ती जास्त मोकळेपणाने बोलली.

‘हे कोण ऐकणार?’ असं बाबा म्हणतीलच. त्यांना एडिसनचं सांग. फोनोग्राफ, म्हणजे आवाज टिपून पुन्हा ऐकवणारं त्याचं यंत्र, निघालं १८७७ मध्ये आणि पुढच्याच वर्षी त्याचे उपयोग सांगताना एडिसनने घरच्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जपून ठेवण्याचा उल्लेख केला होता. ही हौस यंत्राइतकीच जुनी आहे.

तेव्हा फार तयारी करत बसू नकोस, येत्या रविवारीच बस. रेकॉर्डिंग आधी बाबांना ऐकव, ते ‘हो’ म्हणाले तरच मला पाठव. आणि माझ्या वतीने एक विचार: तुमच्या बैठकीच्या खोलीत नदीचं जे मोठं चित्र आहे, त्याचा उजवा कोपरा त्यांनी तसाच कोरा का सोडलाय?

बाबांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
जुना मित्र