गाठ दुखत नाही, म्हणून सोडून देऊ नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर महिन्यात स्तनांच्या कर्करोगाविषयी बरीच जागृती होते आणि ते वाचून, ऐकून बायका तपासणीला येऊ लागल्या आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र स्तनात हाताला गाठ लागलेली बाई दवाखान्यात पोहोचल्यावर तिथे काय व्हायला हवे, याबद्दल फारसे लिहिले जात नाही. सातारा जिल्ह्यात वीसहून अधिक वर्षे शल्यचिकित्सक म्हणून काम करताना जे पाहिले, त्यावरून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या पावसाळ्यात शेतमजुरी करणाऱ्या 46 वर्षांच्या एक बाई माझ्याकडे आल्या. सात महिन्यांपूर्वी त्यांनी एका दवाखान्यात गाठ दाखवली होती. “दुखते का?” “नाही.” “मग चरबीची असेल,” असे म्हणून, ब्लाउजवरूनच चाचपून, त्यांना गोळ्या देऊन घरी पाठवले गेले. पुढे दुसरीकडे जागा बधिर करून ती गाठ काढली आणि सलाइनमध्ये घालून बरणी नवऱ्याच्या हाती दिली. तपासणीचे पैसे जमेपर्यंत बरणी फडताळात राहिली. ती माझ्या टेबलावर आली तेव्हा आतले पाणी गढूळ झाले होते आणि त्या तुकड्यावरून निदान होणे शक्य नव्हते. काखेतल्या टणक गाठींना अवधाण समजून बाई हळद-चुना लावत होत्या.

त्यांनी दुखणे अंगावर काढले, असे कोणी म्हणू नये. त्या वेळेवर आल्या होत्या. चुकली ती तपासणी. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, त्यामुळे “दुखत नाही ना, मग काही नाही” हे वाक्य फार महाग पडते.

नीट तपासायचे तर पडदा हवा, चांगला उजेड हवा आणि सोबत परिचारिका हवी. कमरेपर्यंतचे कपडे काढून बाईंना आधी बसवून नुसते पाहावे: दोन्ही बाजूंत फरक आहे का, हात वर केल्यावर कुठे खळी पडते का, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली आहे का, बोंड अलीकडे आत ओढले गेले आहे का. मग झोपवून, हात डोक्याखाली घ्यायला सांगून, आधी निरोगी बाजू आणि नंतर गाठीची बाजू मधल्या तीन बोटांच्या पेरांनी चाचपावी. काख आणि गळपट्टीच्या हाडावरची जागाही पाहावी. याला दहा मिनिटे लागतात. वेळ नाही म्हणून थेट सोनोग्राफीची चिठ्ठी लिहिली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हाताने तपासणी, मग प्रतिमा आणि शेवटी सुईने काढलेला तुकडा, अशी ही तीन पायऱ्यांची पद्धत आहे. साधारणपणे चाळिशीच्या आत आधी सोनोग्राफी आणि चाळिशीनंतर मॅमोग्राफीही (स्तनांचा एक्स-रे) करतात. तरुण मुलींमधली बोटाखालून निसटणारी सुटी गाठ बहुतेक वेळा कर्करोग नसलेली साधी गाठ, म्हणजे फायब्रोअ‍ॅडिनोमा असते आणि तिला घाबरण्याचे कारण नसते. पण ते ठरवायचे तपासणीनंतर. अंगावर पाजणाऱ्या आईची ‘दुधाची गाठ’ दोन आठवड्यांत विरली नाही, तर तिचीही तपासणी करावी. आणि मॅमोग्राफी नॉर्मल आली म्हणून हाताला लागणारी गाठ नाहीशी होत नाही. तिन्हींपैकी एकातही शंका असेल तर थांबता येत नाही. सुई टोचल्याने कर्करोग पसरतो, ही भीती घरोघरी आहे आणि ती निराधार आहे. उलट निदानाआधीच गाठ कापून काढल्याने पुढचे उपचार अवघड होतात.

हाताच्या तपासणीला कमी लेखू नये. मुंबईत 1998 पासून टाटा स्मारक रुग्णालयाने सुमारे दीड लाख महिलांवर केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासलेल्या गटात पन्नाशीपुढच्या महिलांचे स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी आढळले. सर्व वयोगट एकत्र धरता घट निर्विवाद ठरली नाही, हेही सांगायला हवे; तरी शिकवलेल्या हाताला काय साधते, ते यातून दिसते.

आपल्या दैनिकामार्फत आरोग्य खात्याला आणि खासगी व्यावसायिकांना माझी विनंती आहे, की प्रत्येक तपासणी खोलीत पडदा आणि परिचारिका असावी. काढलेली प्रत्येक गाठ, ती कितीही साधी वाटो, दहा टक्के फॉर्मॅलिनमध्येच (तुकडा कुजू न देणाऱ्या द्रावणात) ठेवावी, आणि ती बरणी नातेवाइकांच्या हाती न देता दवाखान्याच्या माणसानेच प्रयोगशाळेत पोहोचवावी.

आपली विश्वासू,
एक शल्यचिकित्सक, जि. सातारा