अण्णांची तारीख

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर म्हणालीस, "बाबा, एक प्रतिज्ञापत्र करून टाका. चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची तारीख कोण तपासतंय?" तुझी आई शेजारीच होती आणि तिचंही मत तुझ्यासारखंच, म्हणून मी विषय बदलला. आता सविस्तर लिहितो. व्हॉट्सॲपवर मावणारं नाही हे.

माळाचं सव्वा एकर रान अण्णांचं, म्हणजे तुझ्या आजोबांच्या भावाचं. वडिलोपार्जित नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं ठेव, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. परळच्या गिरणीत साच्यावर उभं राहून जमवलेल्या पैशातून त्यांनी ते १९७४ साली स्वतःच्या नावावर खरेदी केलं. लग्न केलं नाही. सातबाऱ्यावर आजही त्यांचं एकट्याचं नाव आहे. २०२५ च्या एप्रिलात 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली आणि तलाठ्यांनी चावडीत मयत खातेदारांची यादी करायला घेतली, तेव्हा अण्णांचं नाव वाचल्यावर पोरं एकमेकांना विचारायला लागली, "हे कोण?" वारस नोंदीचा अर्ज करा, मृत्यूचा दाखला जोडा, असं तलाठी म्हणाले. दाखला कुणाकडेच नव्हता.

ग्रामपंचायतीत नोंद सापडली नाही, आणि ती सापडणारही नव्हती. माणूस जिथला राहणारा तिथे नव्हे, तर जिथे मरतो तिथे नोंद होते. अण्णा गेले मुंबईत. पण कधी? घरात आम्ही लहानपणापासून एकच वाक्य ऐकत आलो: "आजी गेली आणि मागोमाग अण्णाही गेला." माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, नोव्हेंबर १९८६ मध्ये वारली. तिचा दाखला ग्रामपंचायतीत आहे. म्हणजे अण्णा १९८६ च्या अखेरीस किंवा १९८७ मध्ये गेले असावेत, असा सगळ्यांचा हिशेब.

तहसीलबाहेर बसणाऱ्या एका एजंटाला हे सांगितलं तर तो चहा ओतता ओतता म्हणाला, "तारीख कुठली पाहिजे ते सांगा. घरीच वारले असं लिहू." त्याची वाट अशी: नोंद नसल्याचा अनुपलब्धता दाखला घ्यायचा, मग उशिराच्या नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश. वर्ष उलटून गेलेल्या मृत्यूला असा आदेश लागतोच. पूर्वी त्यासाठी कोर्टात जावं लागे, २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते काम महसूलच्या दंडाधिकाऱ्यांकडे आलं. वाट कायदेशीर आहे, ज्याची नोंद खरोखरच झाली नाही त्याच्यासाठी. फक्त तिच्यात तारीख आपण सांगायची आणि शपथेवर सांगायची. वकिलांनी सात वर्षांचं कलमही सुचवलं. सात वर्षं ज्याची काही खबर नाही तो मेला असं कोर्ट धरून चालतं. पण त्याने मृत्यू गृहीत धरला जातो, तारीख नाही. ती वेगळी सिद्ध करावी लागते.

आणि आपलं घोडं नेमकं तारखेपाशी अडलेलं. वकिलांनी कागदावर काढून दाखवलं ते तुलाही सांगतो. अविवाहित पुरुषाची स्वतःची मिळकत १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आधी आईला जाते. आई हयात असेल तर भाऊ-बहिणींना त्यात काही नाही. आई आणि वडील दोघंही आधी गेले असतील, तरच हयात भाऊ-बहिणींना समसमान. माझे आजोबा केव्हाच गेले होते. थोरले आबा, म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ, १९७९ मध्ये गेले. म्हणजे अण्णा आजीनंतर गेले असतील तर वारस दोघंच: तुझे आजोबा आणि माझी कऱ्हाडची आत्या. निम्मं निम्मं, थोरल्या घराला शून्य, कारण हयात भाऊ-बहीण असताना मेलेल्या भावाच्या मुलांचा नंबर लागत नाही. पण अण्णा आजीच्या आधी गेले असतील, तर सगळं रान आजीचं झालं, आणि आजी गेल्यावर तिच्या वारसांत मेलेल्या मुलाची मुलंही येतात. मग तीन वाटे. आपल्याकडे पंचवीस गुंठ्यांऐवजी सुमारे पावणेसतरा, आणि त्यातही तुझी आत्या आणि मी. एजंटाची 'कुठली पाहिजे' म्हणजे नेमकं हेच.

मी मुंबईला गेलो ते आपल्या ग्रामस्थ मंडळाच्या खोलीवर. लालबागची ती खोली तू पाहिलेली नाहीस. दहा बाय बाराच्या जागेत पाळीपाळीने झोपून गावच्या तीन पिढ्यांनी गिरण्या चालवल्या. आता तिथे कुणी राहत नाही म्हटलं तरी चालेल, पण मंडळाच्या किर्दी, म्हणजे रोजच्या हिशेबाच्या वह्या, अजून ट्रंकेत आहेत. वर्गणी, पालखीचा खर्च, भांड्यांची दुरुस्ती, कोण गावाला गेला त्याचं एसटीचं भाडं. असले हिशेब इतके चोख ठेवणारी माणसं आयुष्यभर अंगठेबहाद्दर म्हणून हिणवली गेली, याचा मला राग येतो. असो.

मी १९८६ ची किर्द आधी काढली. त्यात अण्णांच्या नावापुढे 'आईस मनीऑर्डर, रु. ५०' अशा नोंदी दिसल्या, थेट सप्टेंबरपर्यंत. आजीच्या पेटीत तीच कुपनं मला आधीच मिळाली होती, अण्णांच्या नावाची, खाली 'मी खुशाल आहे' असं लिहिलेली. म्हणजे अण्णा १९८६ च्या सप्टेंबरात जिवंत. वकीलही म्हणाले असते, पुरावा उत्तम आहे.

पण वर्गणीच्या पानावर अण्णांच्या नावापुढे वर्षभर रेघ होती. खोलीवर राहणारा माणूस आईला पैसे पाठवतो आणि वर्गणी बुडवतो, हे त्या काळात शक्य नव्हतं. म्हणून १९८५ ची किर्द काढली. ऑगस्टच्या पानावर अण्णांचं नाव, आणि पुढे: अंत्यविधी, लाकूड, गाडी, गावास तार. त्याखाली जमेच्या बाजूला तुझ्या आजोबांचं नाव, रु. ३००, 'आईच्या मनीऑर्डरीसाठी ठेव'.

मनू, माझे वडील तार मिळाल्यावर मुंबईला गेले, भावाला अग्नी दिला आणि परत येऊन आईला सांगितलं की अण्णा भिवंडीला यंत्रमागावर लागलाय. १९८२ च्या संपानंतर कित्येकजण तसे गेलेच होते, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. आजीला थोरल्या आबांच्या धक्क्याने अर्धांग झालेलं. दुसरा मुलगा गेल्याचं तिला सोसणार नाही असं त्यांना वाटलं असणार. गावात दहावं नाही, तेरावं नाही. आजी गेल्यावरच त्यांनी अण्णांचं उघड केलं, म्हणून घराच्या आठवणीत क्रम उलटा बसला. कऱ्हाडच्या आत्यालाही खरं ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "दादानं एकट्यानं सोसलं व्हय रं हे."

म्हणजे बघ, जिला मुलगा गेल्याचं कुणी सांगितलंच नाही, तीच सव्वा वर्ष त्याची एकुलती एक वारस होती.

महिना हाती आल्यावर पुढचं सोपं होतं. अर्ज करून, शोध फी भरून महापालिकेच्या त्या विभागातली १९८५ ची नोंदवही पाहून घेतली. १७ ऑगस्ट, पत्ता आपल्या खोलीचा, गाव आणि तालुका बरोबर. नाव मात्र गिरणीच्या मस्टरवरचं, घरचं नव्हे, आणि आडनावात एक अक्षर चुकलेलं. ती दुरुस्ती निबंधक करू शकतात. माहीतगार दोन माणसांचं निवेदन आणि जुनी कागदपत्रं लागतात. एक माणूस मंडळाचे जुने खजिनदार. ओळखपत्र आणि प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी कुठून मिळाली सांगू? थोरल्या घरून. म्हाडाच्या गिरणी कामगारांच्या घरांसाठी त्यांनी अर्ज करायचं योजलं होतं, तेव्हापासून ती कागदं त्यांनी प्लॅस्टिकमध्ये घालून जपलीत. मी मागितली, त्यांनी कशासाठी हेही न विचारता काढून दिली.

तू विचारशील, तुझ्या आजोबांनी नंतर तरी वारस नोंद का केली नाही? १९९७ पर्यंत ते होते. एवढंच सांगतो की उलटी तारीख लावून निम्मं रान स्वतःच्या नावावर करून घेणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांच्या शब्दावर गावाने सही केली असती. त्यांनी सातबाऱ्याला हात लावला नाही, आणि माळाचा खंड आला की त्यातलं थोरल्या घरी धान्य जायचं. आई त्यावरून कुरकुरायची ते मला आठवतंय.

मी काय करणार ते ठरलंय. आधी अण्णांचा दाखला दुरुस्त होईल. मग तलाठ्यांकडे दोन नोंदी एकामागून एक: अण्णांच्या जागी आजी, आजीच्या जागी तिघांच्या शाखा. वारस नोंदवहीत, म्हणजे सहा-क मध्ये, थोरल्या घरच्या सगळ्यांची नावं बहिणींसकट येतील. फेरफाराची नोटीस निघेल, पंधरा दिवस हरकतीला. आपल्याकडून हरकत जाणार नाही. तुझ्या फ्लॅटच्या हप्त्याला हे रान पुरणार नाही हे मला कळतं. माझ्या फंडातलं काही देता येईल, ते तू आलीस की बोलू.

थोरल्या घरी मी रविवारी स्वतः जाऊन सांगणार आहे. तोवर तू कुणाला फोन करू नकोस, विशेषतः तुझ्या चुलतभावाला. त्याला आनंद होईल आणि तो तासाभरात कुटुंबाच्या ग्रुपवर टाकेल.

सोबत किर्दीच्या चार पानांचे फोटो पाठवतोय. ऑगस्टचं पान पुसट आलंय, तारखेवर शाईचा डाग आहे. ते तुझ्या कॉम्प्युटरवर जरा उजळून मोठ्या कागदावर दोन प्रती काढ आणि कुरियरने पाठव. बुधवारपर्यंत मिळालं तर बरं, गुरुवारी खजिनदार सहीसाठी येणार आहेत.

तुझे
बाबा