मी गांजा विकत नाही, हिशोब बघते

एडिसन, न्यू जर्सी
ऑक्टोबर २०२४

आई, बाबा,

सुलूमावशीने तुम्हाला जे सांगितलं ते अर्धंच खरं आहे. मी गांजाच्या दुकानाचं अकाउंटिंग बघते हे खरं, पण "पोरगी गांजा विकायला लागली" हे तिने पदरचं घातलंय. दुकान कायदेशीर आहे, राज्य सरकारचं लायसन भिंतीवर लावलेलं आहे, एकवीस वर्षांखालच्या कुणाला आत घेत नाहीत, आणि आई, तुझा पुढचा प्रश्न मला माहितेय म्हणून आधीच सांगते, नाही, मी ओढत नाही, त्या वासानेच माझं डोकं दुखतं.

बाबांची काळजी जास्त बरोबर आहे. राज्याच्या कायद्याने इथे गांजा चालतो पण फेडरल म्हणजे केंद्राच्या कायद्याने तो अजून गुन्हाच आहे, त्यामुळे ग्रीन कार्डवाल्याने अशा दुकानात नुसती नोकरी केली तरी सिटिझनशिपच्या अर्जाला खोडा बसू शकतो, इमिग्रेशनवाल्यांनी २०१९ मध्ये तसं स्पष्टच सांगितलंय. म्हणूनच अमेरिकन पासपोर्ट हातात पडेपर्यंत मी या कामाला हात लावला नव्हता. इथल्या मंडळातल्या एच-वन व्हिसावर नोकरीला आलेल्या मुलांनाही मी सांगते, बाबांनो तुम्ही या वाटेला जाऊ नका.

आता ज्याचं दुकान आहे त्याच्याबद्दल. नाव लिहीत नाही. पन्नाशीचा, काळा, नेवार्कमध्ये वाढलेला माणूस, विशीत असताना थोडा गांजा विकताना पकडला गेला. न्यू जर्सीत १९८७ साली कायदा झाला होता की शाळेपासून हजार फुटांच्या आत ड्रग्ज विकताना सापडलात तर ठराविक मुदत आत काढायचीच, गांजा एक औंसापेक्षा, म्हणजे साधारण २८ ग्रॅमपेक्षा, कमी असेल तर निदान एक वर्ष, नाहीतर तीन, जज्जला दया आली तरी त्याचे हात बांधलेले. ऐकायला किती चांगलं वाटतं ना, शाळा, लहान मुलं वगैरे. पण सदाशिव पेठेत हजार फुटांत शाळा नाही अशी जागा दाखवा बघू मला! नेवार्कचं तेच, अख्खं शहर शाळांच्या वर्तुळात. आणि बाहेर सबर्बमध्ये मोठाले बंगले, शाळा लांब, तिथला गोरा पोरगा तेच करताना सापडला तर हे कलमच लागत नाही. २००५ मध्ये राज्याच्याच कमिशनने तपासलं तेव्हा या कलमाखाली तुरुंगात गेलेल्यांपैकी साधारण ९६ टक्के लोक काळे किंवा लॅटिनो निघाले. मग कुठे २०१० मध्ये जज्जांना थोडी मोकळीक दिली. देशभराचं बघितलं तर काळे आणि गोरे जवळपास सारखाच गांजा ओढतात, तरी काळ्या माणसाला त्यासाठी अटक व्हायची शक्यता साडेतीन पटींहून जास्त, एसीएलयू नावाच्या नागरी हक्कांच्या संस्थेचा २०२० चा रिपोर्ट आहे.

शिक्षा संपली तरी रेकॉर्ड मागे राहतंच. नोकरीचा फॉर्म, भाड्याच्या घराचा फॉर्म, सगळीकडे तो एक चौकोन, "कधी शिक्षा झाली होती का". २०२० च्या नोव्हेंबरात इथे लोकांनी मतदानाने गांजा कायदेशीर करायला होकार दिला, २०२१ च्या फेब्रुवारीत कायदे झाले, आणि त्याच वर्षी कोर्टाने आपणहून साडेतीन लाखांहून जास्त जुन्या केसेस पुसून टाकल्या. मेरीलँड राज्याच्या गव्हर्नरने तर या जूनमध्ये पावणेदोन लाख शिक्षा एका सहीत माफ केल्या. कागद असे पुसता येतात, माणसाचं तसं नसतं हो. परवा राज्याची इन्स्पेक्टर दुकानात आली, साधी रूटीन तपासणी, बाई अगदी हसतमुख होती. आमचा दुकानवाला पुढे झाला आणि दोन्ही तळहात काउंटरवर पसरून, बोटं फाकवून उभा राहिला. तिने मागितलेलं रजिस्टर त्याच्या मागेच होतं पण वळायला तयार नाही, मीच जाऊन काढून दिलं. नंतर म्हणाला, इतक्या वर्षांनीही युनिफॉर्म नसला तरी नुसता गळ्यातला बिल्ला दिसला की हात आपोआप असे पुढे येतात. आता तो दर बुधवारी एका ग्रुपला जातो, सगळे तुरुंगातून आलेले, चर्चच्या तळघरात बसून बोलतात. सुरुवातीला नुसता बसून यायचा म्हणे. बायकोलाही ज्या गोष्टी कधी सांगितल्या नाहीत त्या तिथे निघतात.

तुम्ही विचाराल की सरकारने लायसन दिलं, मग अडलं कुठे? पैशात अडलं! इथे सोशल इक्विटी म्हणून योजना आहे, गांजाच्या जुन्या केसेस झालेल्यांना आणि गरीब वस्तीतल्या लोकांना लायसनमध्ये प्राधान्य. पण २१ एप्रिल २०२२ ला विक्री सुरू झाली तेव्हा उघडलेली डझनभर दुकानं कुणाची, तर आधीपासून औषधी गांजा विकणाऱ्या कंपन्यांची, त्यांच्याकडे जागा, माल, पैसा सगळं तयार. याच्यासारख्यांना बँक कर्ज देत नाही कारण फेडरल कायदा, बऱ्याच गावांनी तर आमच्या हद्दीत दुकानच नको म्हणून ठराव केलेत, आणि मग गुंतवणूकदार येतात, कागदावर मालक तू राहा, बाकी आम्ही बघतो. आपल्याकडे सरपंच बाई आणि कारभार नवऱ्याचा असतो ना, तस्सं. असं एक ॲग्रीमेंट याच्यापुढेही आलं होतं, मी वाचलं आणि म्हटलं सही करू नकोस.

आणि टॅक्सची गंमत तर बाबांनाच कळेल. मिनियापोलिसच्या एका ड्रग विकणाऱ्याने वजनकाटा, फोन, गाडीचा प्रवास हे सगळं धंद्याचा खर्च म्हणून टॅक्समधून वजा मागितलं, आणि १९८१ मध्ये टॅक्स कोर्टाने बरंचसं मान्य केलं! इथली संसद भडकली, १९८२ मध्ये कलम २८०-ई आलं, की असल्या धंद्याला खर्चाची वजावट नाही, फक्त मालाची किंमत वजा करा. ते आज या लायसनवाल्या दुकानालाही लागू. भाडं, पगार, वीज, काही वजा होत नाही, वर्षअखेर तोटा असला तरी फेडरल टॅक्स भरायचाच. न्यू जर्सीने राज्याच्या टॅक्सपुरती २०२३ मध्ये सूट दिली, तेवढाच दिलासा. मोठ्या कंपन्या वकील लावून कोर्टात भांडतात, हा बिचारा माझ्याकडे येतो. म्हणून मी हे काम घेतलं, आणि फी निम्मी घेते, हे मावशीला सांगू नका नाहीतर त्यावर वेगळं लेक्चर.

गांजा चांगला असं मी म्हणत नाहीये. कोवळ्या वयात फार ओढला तर डोक्यावर परिणाम होतो, ते आहेच. आणि तिकडे भारतात एनडीपीएस हा अमली पदार्थांचा कायदा १९८५ पासून आहे, एक किलोच्या आतला गांजा सापडला तरी वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते, तेव्हा मी येताना काही आणणार नाही, निर्धास्त राहा. पण तुझ्या बहिणीच्या घरी महाशिवरात्रीला भांग घोटतात तेव्हा ती सगळ्यात आधी पेला पुढे करते, हे तिला आठवण करून दे आई.

बाबा, तुमच्याकडे एक काम आहे. दुकानात जवळजवळ सगळा व्यवहार रोख, क्रेडिट कार्ड चालत नाही, रोज रात्री नोटांचे ढीग. सध्या एकच मुलगा मोजतो आणि तोच तिजोरी बंद करतो, मला ते अजिबात पटत नाही. तुमच्या बँकेत कॅश जॉइंट कस्टडीत असायची, दोन किल्ल्या दोघांकडे. ते रजिस्टर तुम्ही कसं आखायचात, कमी-जास्त निघालं तर कुठल्या रकान्यात लिहायचात, आणि सह्या मोजणीआधी की नंतर? एका कागदावर आखून आईला फोटो काढायला सांगा आणि व्हॉट्सॲप करा, रविवारी फोन करेन तेव्हा बोलू. बीपीची गोळी चुकवू नका.

तुमची,
मनू