पाचव्यांदा तेच पुस्तक दिल्याबद्दल

प्रिय लायब्ररीतल्या काकू,

तुमचं नाव मला अजूनही माहीत नाही. आमचा पोरगा 'शिक्केवाल्या काकू' म्हणतो, म्हणून मीही तेच म्हणते.

आमच्या चौथीतल्या चिरंजीवांचं आणि पुस्तकांचं हाडवैर. आमिषं दाखवून झाली, ओरडून झालं, रडूनही झालं (मीच रडले). त्यात शाळेतल्या एका बाईंनी पालकसभेत सगळ्यांदेखत ऐकवलं, "हा वाचत नाही हो, नुसती चित्रं बघतो." आधीच्या एका लायब्ररीत कॉमिक्सला हात लावला की, "ते नको, काहीतरी चांगलं घे." चांगलं म्हणजे जाडजूड आणि बिनचित्रांचं. तिथलं डिपॉझिट परत मागायलाही मी गेले नाही.

तुमच्याकडे त्याने टिनटिन कॉमिक्समधलं तिबेटवालं पुस्तक उचललं. कोपरे झिजलेलं, शिवण सुटलेलं. पहिल्या खेपेला तो फक्त दिल्लीतली गाय आणि तिच्या पाठीवरून उधळत निघालेला टिनटिनचा मित्र कॅप्टन हॅडॉक बघून हसत होता. पुस्तक परत करायच्या दिवशी म्हणाला, "हेच पुन्हा हवं." मी "अरे, आता दुसरं घे की" म्हणायला तोंड उघडलं, तोवर तुमचा शिक्का पडला होता.

मग तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. 'संपलं का', 'काय शिकलास', काही म्हणजे काही नाही. पाचव्या वेळी आतल्या चिठ्ठीवर तारखेला जागाच उरली नव्हती. तुम्ही ड्रॉवरमधून कोरी चिठ्ठी काढलीत, बोटाने डिंक लावलात, जुनीवर चिकटवून तळहाताने दाबलीत आणि त्याला म्हणालात, "घे, आता भरपूर जागा झाली."

रिक्षात तो ती ओली चिठ्ठी घरापर्यंत फुंकून वाळवत होता.

त्याच खेपेला कधीतरी संवादांच्या फुग्यांतली अक्षरं त्याला लागायला लागली. खाली लटकलेला कॅप्टन, मित्राचा तरी जीव वाचावा म्हणून स्वतःचीच दोरी कापायला निघतो ना, ते पान त्याने मला बोट ठेवून, अडखळत, मोठ्याने वाचून दाखवलं. या गोष्टीत खलनायकच नाही, हे मला तेव्हा कळलं. सगळ्यांनी मेला म्हणून सोडून दिलेला एक मित्र, चँग, आणि त्याला बर्फात शोधत निघालेला दुसरा, टिनटिन. बस्स.

"आई, चँग खरा होता?" शोधलं, तर होता की! टिनटिन काढणाऱ्या चित्रकार एर्जेला १९३४ मध्ये ब्रसेल्सला भेटलेला चिनी मित्र. पुढे ताटातूट झाली, ती पुन्हा भेट थेट १९८१ मध्ये. पोराने वहीच्या मागच्या पानावर वजाबाकी केली. ४७. "एवढी वर्षं लक्षात ठेवलं त्याने?"

काकू, मुलांना सुधारायला निघालेले पायलीला पन्नास भेटले आम्हाला. मूल अडलंय हे दिसत असूनही घाई न करणाऱ्या तुम्ही पहिल्याच. चार पैशांच्या डिंकाने तुम्ही जे केलंत, ते ट्यूशनच्या फीने झालं नव्हतं.

परवा त्याने एकदाचं दुसरं पुस्तक घेतलं. "बरं आहे, पण तेवढं नाही," असं मत पडलंय. तिबेटवालं शनिवारी परत आणतोय. आणि हो, गायीच्या पानावरचा पिवळा डाग आधीचा नाही. आमच्याकडचं वरण आहे ते.

तुमच्या सभासदाची आई