केलेले काम उघडायलाही भाडे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

छपाई आणि नकाशांसाठी लागणारी बरीचशी मोठी सॉफ्टवेअर एकरकमी विकत मिळणे बंद होऊन महिन्याच्या किंवा वर्षाच्या वर्गणीवर मिळू लागली, त्याला आता दशक उलटले. मुंबई-पुण्याच्या मोठ्या जाहिरात कंपन्या हा खर्च गिऱ्हाइकाच्या बिलात बसवू शकतात. कणकवली, देवगड, राजापूर, चिपळूण इथले छोटे छापखाने, डीटीपीवाले आणि घरांचे नकाशे काढून देणारे यांना तसे करता येत नाही. त्यांच्याबद्दल कुठे काही छापून येत नाही, म्हणून हे पत्र.

मे २०१३ मध्ये फोटोशॉप बनवणाऱ्या ॲडोबी कंपनीने जाहीर केले की क्रिएटिव्ह सूट या तिच्या प्रोग्रॅमसंचाची सहावी आवृत्ती (सीएस६) ही शेवटची. यापुढे जे नवे येईल ते वर्गणी भरणाऱ्यालाच. ऑटोडेस्कने ३१ जानेवारी २०१६ नंतर घरांचे नकाशे काढायच्या ऑटोकॅडचे नवे कायमचे परवाने विकणे थांबवले. घरांचे त्रिमितीय आराखडे काढायच्या स्केचअपने नोव्हेंबर २०२० मध्ये तोच रस्ता धरला.

मराठीसाठी ही वेळ फारच वाईट होती. त्याआधीची कितीतरी वर्षे आम्ही पेजमेकर नाहीतर कोरलमध्ये श्रीलिपी, आकृती यांच्या फाँटांवर काम केले. त्या फाँटांत मराठी अक्षर म्हणजे इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेले चित्र. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल गेली की मजकुराचा पार चुथडा. २०१२ मध्ये ॲडोबीच्या पानांची मांडणी करायच्या इनडिझाइनची सीएस६ आवृत्ती आली आणि युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या, देवनागरीतली जोडाक्षरे, रफार, वेलांट्या त्यात जागच्या जागी बसू लागल्या. म्हणजे आपली भाषा धड जुळवणारी आवृत्ती हाती आली आणि पुढच्याच वर्षी त्यापुढची आवृत्ती विकत घेण्याचा मार्ग मिटला. त्यानंतर झालेली प्रत्येक सुधारणा हवी तर वर्गणी भरा.

वर्गणीच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे आणि ते टाळू नये. सीएस६चा सगळ्यात मोठा संच अमेरिकेत २,५९९ डॉलरना होता, तर त्याच्या जागी आलेल्या वर्गणीवाल्या 'क्रिएटिव्ह क्लाउड'ची सुरुवातीची वर्गणी वर्षाच्या कराराने महिन्याला सुमारे ५० डॉलर होती. नुकतेच दुकान थाटलेल्या मुलाला एवढी मोठी रक्कम एकदम उभी करता येत नाही. त्याला वर्गणी परवडते. पण हिशेब पुढे नेऊन पाहा. साधारण सव्वाचार वर्षांत ती मोठी रक्कम भरून होते आणि नंतरही भरणे संपत नाही. आमच्याकडे पूर्ण संच लागतोच कोणाला? दोन किंवा तीन प्रोग्रॅम, आणि एकदा हात बसलेली आवृत्ती आठ-दहा वर्षे चालवायची, ही इथली रीत. वडिलांनी घेतलेले ट्रेडल मशीन आमच्या छापखान्यात आजही पावतीपुस्तकांचे नंबरिंग आणि परफोरेशन करते. त्याचे रोलर आम्ही बदलले, पण वर्षाचे पैसे थकले म्हणून ते कधी बंद पडले नाही.

वर्गणी आणण्यामागे चोरीच्या प्रतींचे कारणही सांगितले जाते. आमच्या धंद्यात क्रॅक केलेल्या प्रती सर्रास चालत आल्या, हे खरे आहे आणि ते चूकच आहे. पण फोटोशॉपची पहिली वर्गणीवाली आवृत्ती आली तेव्हा तिचीही चोरटी प्रत काही दिवसांत बाहेर आली होती. या व्यवस्थेचा जाच होतो तो पैसे भरणाऱ्यालाच.

कोकणातला धंदा बारा महिने सारखा नसतो. फेब्रुवारी ते मे आंब्याच्या पेट्यांची लेबले, लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणे. मान वर करायला फुरसत नसते. १ जूनला मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत. पर्यटक नसतो, बागायतदाराचा पैसा पुढच्या हंगामाच्या खतात अडकलेला असतो, तेव्हा छपाईला येणार कोण? मग गणपतीचे बॅनर, आरतीसंग्रह, पुढे जत्रांची हँडबिले आणि दशावताराची पोस्टरे. म्हणजे वर्षातले काही महिने काम नाही आणि भाडे मात्र बाराही महिन्यांचे. एकेक महिन्याने घ्यायचे तर दर चढा, आणि वर्षाचा करार मध्येच मोडला तर दंड. ॲडोबीच्या अशाच दंडाबद्दल आणि करार मोडण्याची वाट अवघड केल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या सांगण्यावरून तिथल्या न्याय खात्याने जून २०२४ मध्ये कोर्टात दावा दाखल केला. त्यात वर १८ टक्के जीएसटी. नोंदणीच्या मर्यादेखाली असलेल्या छोट्या दुकानदाराला त्याची वजावटही मिळत नाही; तो कर त्याच्याच खिशातून जातो.

पण पैशांपेक्षा मला जास्त टोचते ती फाइलींची गोष्ट. एका पावसाळ्यात काम नव्हते म्हणून आम्ही एका प्रोग्रॅमची वर्गणी थांबवली होती. कंपनीचे नाव घेत नाही, कारण ही रीत एकट्या तिची नाही. देवगडकडचे एक जुने बागायतदार आले. आंबापोळी आणि कोकम आगळासाठी लेबले हवी होती. "गेल्या वर्षीचोच लेबल, फोन नंबर तेवढो बदलून दी," एवढेच त्यांचे म्हणणे. फाइल आमच्याच संगणकात होती. तिच्यातली वेलबुट्टी आमच्या मुलाने हाताने काढलेली, मजकूर बागायतदारांचा, फाँटचे पैसे आम्ही मोजलेले. तरी ती उघडेना, कारण प्रोग्रॅमच सुरू होईना. दुसऱ्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडून पाहिली. चित्र आले, पण मराठी मजकुराचे तुकडे झाले होते. काना एकीकडे, मात्रा दुसरीकडे, आणि अक्षरे नुसत्या आकारांत बदललेली, म्हणजे दुरुस्ती अशक्य. दहा आकडे बदलण्यासाठी पुन्हा पूर्ण महिन्याचे पैसे भरले, तेव्हा लेबल गेले.

हे लेबल तरी चित्राचे होते, काहीतरी दिसले. पानांच्या मांडणीची इनडिझाइनची मूळ फाइल असेल तर ती इनडिझाइनशिवाय धड उघडत नाही. दुसरीकडे नेण्याजोग्या आयडीएमएल स्वरूपात काढायची तर ते कामही इनडिझाइनमध्येच करावे लागते. म्हणजे वर्गणी संपण्यापूर्वी ज्याने सगळ्या फाइली काढून ठेवल्या नाहीत, त्याचे वर्षानुवर्षांचे काम कुलपात. गावोगावच्या देवस्थानांच्या स्मरणिका, शाळांचे सुवर्णमहोत्सवी अंक, स्थानिक कवींचे संग्रह अशा कितीतरी गोष्टी आज फक्त अशा फाइलींमध्ये आहेत. छापलेल्या प्रती वाळवी आणि दमट हवा खाते. फाइल उरते ती भाड्याच्या कुलपाआड.

आणि सूत्र दूरच्या हाती असले की काय होते तेही जगाने पाहिले आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकी सरकारच्या आदेशाचा हवाला देऊन ॲडोबीने व्हेनेझुएलातली सगळी खाती बंद करण्याचे जाहीर केले. पुढे परवानगी मिळाली म्हणून ते टळले. नोव्हेंबर २०२२ मध्ये पँटोन कंपनीच्या रंगांच्या, म्हणजे छपाईसाठी क्रमांकाने ठरवलेल्या छटांच्या, बऱ्याचशा याद्या ॲडोबीच्या प्रोग्रॅममधून निघाल्या आणि लोकांच्या जुन्या फोटोशॉप फाइलींतले ते रंग काळे दिसू लागले. ते परत हवे तर पँटोनची वेगळी वर्गणी. शिवाय हे प्रोग्रॅम अधूनमधून इंटरनेटवरून परवाना तपासतात. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या कितीतरी गावांत वीज आणि नेटवर्क यायला किती काळ लागला, हे इथल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

मोफत आणि खुले पर्याय आहेत, आणि ते पूर्वीसारखे कच्चे राहिलेले नाहीत. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या, पानांची मांडणी करायच्या स्क्रायबसच्या १.६ आवृत्तीत देवनागरी नीट जुळते आणि छपाईचे चार रंगही वेगळे निघतात. चित्रे काढायच्या इंकस्केपमध्ये मराठी उत्तम चालते, फक्त चार रंगांच्या ऑफसेट कामाला ते अजून तोकडे पडते. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट घडवणाऱ्या संस्थेने 'मुक्ता'सारखे सुबक फाँट खुल्या परवान्यावर दिले आहेत. नकाशांसाठी लिब्रेकॅड आहे, फ्रीकॅड आहे. अडचण शिक्षणाची आहे. आयटीआयमध्ये डेस्कटॉप पब्लिशिंग ऑपरेटर आणि ड्राफ्ट्समन सिव्हिल हे दोन्ही ट्रेड आहेत. तिथून बाहेर पडणाऱ्या मुलांचा हात खुल्या प्रोग्रॅमवरही बसला, तर दुकान टाकताना पहिल्या दिवसापासून भाड्याचे ओझे त्यांच्या डोक्यावर येणार नाही. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतल्या आयटीआयनी हे पुढच्या सत्रापासून करावे. त्यासाठी नवे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही, शिकवणाऱ्यांना थोडे प्रशिक्षण लागेल.

कंपन्यांनी वर्गणी बंदच करावी असे माझे म्हणणे नाही. ज्याला सोयीची वाटते त्याने घ्यावी. पण शेजारी एकरकमी परवान्याचाही पर्याय हवा. आणि तो देणार नसाल तर निदान इतके तरी करा: वर्गणी संपल्यावरही माणसाला स्वतःची फाइल उघडता आली पाहिजे, छापता आली पाहिजे आणि दुसऱ्या स्वरूपात काढून घेता आली पाहिजे. नवे काम करू देऊ नका, चालेल. केलेले काम अडवू नका.

आपल्याकडे कायद्याचा आधार अगदीच नाही असे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी संकेतस्थळे आणि ॲपमधल्या फसव्या रचनांविरुद्ध (डार्क पॅटर्न) मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत १३ प्रकार आहेत आणि वर्गणीत अडकवून बाहेर पडणे अवघड करणे हा त्यांतला एक. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्यायकारक कराराची व्याख्या आहे, आणि केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेणाऱ्याला हा कायदा ग्राहकच मानतो. दोन संगणकांवर घर चालवणारा डीटीपीवाला त्यात बसू शकतो. वर्गणी रद्द करताना ज्यांची अडवणूक झाली त्यांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. आपल्या भागातल्या मुद्रक संघटनांनी अशा तक्रारी एकत्र करून प्राधिकरणाकडे पाठवाव्यात, आणि आपल्या वर्तमानपत्राने या विषयाचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपला,
एक मुद्रण व्यावसायिक,
कणकवली, जि. सिंधुदुर्ग